स्वस्त युरिया आणि उपाशी खाचर

लावणी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले, की कोकणातील खाचरांवर युरिया फेकला जातो आणि आठवड्याभरात पिवळसर रोप काळपट हिरवे दिसू लागते. खर्च केलेल्या पैशाचे फळ इतक्या लवकर डोळ्यांना दाखविणारे दुसरे खत नाही. युरियाच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य या हिरव्या रंगात आहे आणि उरलेले निम्मे त्याच्या किमतीत. ४५ किलोंच्या गोणीला, कडुनिंबाच्या लेपाचा आकार आणि कर वगळता, २४२ रुपये पडतात. मुंबईहून रत्नागिरीला जाण्याचे एस.टी.चे भाडे याहून अधिक आहे.

परंतु या हिरव्या रंगाचा हिशेब मांडू गेल्यास तो सुखद निघत नाही. पाणी साठलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातील नत्रापैकी पिकाच्या वाट्याला साधारणतः तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के येतो. बाकीचे हवेत उडते, बांध फोडून वाहणाऱ्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळते किंवा जमिनीत झिरपून जाते. केंद्र सरकारने २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा युरियाचा होता. म्हणजे खाचरातून उडून जाणाऱ्या नत्रात शेतकऱ्याचा पैसा थोडा आणि करदात्याचा बराच असतो. तेव्हा भाताला कोणते अन्न किती मिळते, हा प्रश्न केवळ कृषिशास्त्राचा राहत नाही. तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचा होतो.

पाण्याखालची माती

भाताची जमीन इतर पिकांच्या जमिनीसारखी नसते. चिखलणी करून पाणी बांधले, की मातीतील प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. पाण्याला लागून असलेला काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा तेवढा प्राणवायू धरून राहतो. त्याखालच्या चिखलात तो जवळजवळ नसतोच. या पाण्यात पडलेल्या युरियाचे प्रथम अमोनियम बनते. भर उन्हात पाण्यातील शेवाळ कर्बवायू शोषून घेते, पाणी अल्कधर्मी होते आणि अमोनियमचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. जो उरतो त्यातील काहींचे वरच्या पापुद्र्यात नायट्रेट होते. हे नायट्रेट खालच्या चिखलात उतरले, की तेथील जिवाणू त्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि नत्र पुन्हा वायू होऊन वातावरणात परत जाते. त्याचा थोडा अंश नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने सुटतो, आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची शक्ती वजनास वजन धरता कर्बवायूच्या सुमारे २७० पट आहे.

हे ज्ञान नवे नाही. जपानी शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच या क्रियेचा उलगडा केला होता, आणि उपायही सांगितला होता. खत पाण्यावर न फेकता खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरात गाडावे. तेथे अमोनियम टिकून राहते आणि भाताची मुळे ते हळूहळू घेत राहतात. म्हणजे पाऊण शतकाहून अधिक काळ रोगही ठाऊक आहे आणि औषधही. तरीही खत वरूनच फेकले जाते. असे का होते, याचे उत्तर मातीत शोधून सापडणार नाही. पण त्याकडे वळण्यापूर्वी मातीची थोडी अधिक ओळख करून घेणे आवश्यक आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: पिकाची वाढ सर्वांत तुटपुंज्या अन्नद्रव्यावर अवलंबून राहते. इतर द्रव्यांचे ढीग ओतले तरी ती तूट भरून निघत नाही. भाताच्या बाबतीत या नियमाला पाण्याची एक गुंतागुंत जोडली जाते. जांभ्या दगडापासून झालेली कोकणातील तांबडी माती आम्लधर्मी. तीतील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. पाणी साठल्यावर लोहाचे रूप पालटते आणि त्याने धरलेला स्फुरद काही प्रमाणात सुटतो. खाचर हे अशा रीतीने स्वतःच स्फुरदाचे कुलूप थोडेसे उघडते. पण तेच पाणी जस्ताच्या बाबतीत उलट वागते. पाणथळ जमिनीत जस्त मुळांना दुष्प्राप्य होते.

तराईतील भातावर पडणाऱ्या ‘खैरा’ रोगाची हकीकत या संदर्भात उद्‌बोधक आहे. पाने काताच्या रंगाची होत, म्हणून हे नाव. तो एखाद्या बुरशीचा किंवा विषाणूचा प्रताप असावा, असा संशय होता. पंतनगरच्या विद्यापीठातील डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले, की हा संसर्ग नव्हे, जस्ताचा अभाव आहे. जस्त-सल्फेट आणि चुना यांच्या फवारणीने पीक सुधारते. त्याच वर्षी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे वाण प्रसृत केले. हेक्टरी चार-पाच टन भात देणारी वाणे आली, की ती जमिनीतून त्या प्रमाणात अन्नही उचलू लागणार, हे ओघानेच आले. एक टन भात पिकविताना पीक सुमारे १५ ते २० किलो नत्र उचलते आणि जवळजवळ तितकाच पालाश. फरक असा, की नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो, तर पालाशाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पेंढ्यात राहतो. पेंढा गोठ्यात गेला आणि शेण खाचरात परतले तर हा पालाश घरचा घरी फिरतो. पेंढा विकला, किंवा गोठाच रिकामा झाला, तर तो कायमचा गेला. कोकणातील किती गोठे आज भरलेले आहेत, हे गावी जाऊन आलेल्या कोणालाही सांगता येईल.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७०-७१ पासून देशाच्या निरनिराळ्या भागांत एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे तेच खत देऊन पाहण्याचे दीर्घकालीन प्रयोग चालविले आहेत. केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन कालांतराने खालावत गेले. नत्र, स्फुरद, पालाश या तिन्हींबरोबर शेणखत मिळालेल्या वाफ्यांनी सर्वांत चांगला टिकाव धरला. हा निष्कर्ष ज्याला वाचायचा असेल त्याला अनेक दशके उपलब्ध आहे.

राबाचा अर्थ

रासायनिक खते येण्यापूर्वी कोकणचा शेतकरी खाचराला अन्न कोठून देत होता? मुख्यतः डोंगरातून. वरकस जमिनीवरील गवत, पाचोळा, झाडांचे टाहाळ आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात जाळायचे आणि त्या राबावर रोप तयार करायचे. सुशिक्षितांनी या पद्धतीला अडाणीपणाचा नमुना ठरविले आहे. खुद्द ब्रिटिश अमदानीतील वनखात्याने टाहाळ तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे-कुलाबा भागांत असंतोष माजला होता. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी इंग्लंडहून पाठविलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. भारतीय शेतकऱ्याला शिकविण्यापूर्वी त्याच्याकडून शिकावे, अशी वृत्ती बाळगणारा तो एक विरळा अधिकारी होता.

राबाने तण मरते, राखेतून पालाश आणि सिलिका मिळते, कोवळे रोप दणकट होते. परंतु नत्र आणि सेंद्रिय द्रव्य धुरावाटे जाते, डोंगर उघडा पडतो, आणि हे सारे केवळ रोपवाटिकेच्या तुकड्यासाठी. राबाचा गौरव करून परत फिरण्याची वाट खुली नाही. वरकस जमिनींवर आता आंबा-काजूच्या बागा आल्या आहेत किंवा त्यांचे भूखंड पडले आहेत. एवढे मात्र खरे, की त्या व्यवस्थेत खाचराला कोणते ना कोणते अन्न कोठून तरी आणून द्यावे लागते, याचे भान होते. युरियाच्या गोणीने हे भान एका द्रव्यापुरते आकुंचित केले.

किमतीने लिहिलेला आहार

शेतकऱ्याने एकाच द्रव्याचा हट्ट का धरावा? तो अडाणी आहे म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. तो किंमत वाचतो, आणि ती किंमत दिल्लीत लिहिली जाते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर खतांचे भाव कडाडले. १९७४ मध्ये युरियाची किंमत जवळजवळ दुप्पट करण्यात आली आणि खतांचा वापर घसरला. त्यातून मराठे समितीच्या शिफारशीनुसार १९७७ च्या नोव्हेंबरपासून धारण-किंमत योजना आली. कारखान्याला त्याच्या खर्चानुसार किंमत, शेतकऱ्याला ठरावीक स्वस्त दर आणि मधली तफावत सरकारच्या तिजोरीतून. अन्नधान्याच्या टंचाईने पोळलेल्या देशाने घेतलेला तो निर्णय त्या काळी योग्यच होता. कारखाने उभे राहिले, आणि त्यांतला एक, थळचा, १९८० च्या दशकात रायगडमधील भाताच्या खाचरांशेजारी मुंबई हायच्या वायूवर सुरू झाला.

घोटाळा पुढे झाला. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर अनुदान आवरणे भाग होते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त करण्यात आली; पालाशाची किंमत दुपटीहून अधिक वाढली. युरिया नियंत्रणात ठेवण्यात आला, एवढेच नव्हे, तर त्याच वेळी त्याची किंमत दहा टक्क्यांनी उतरविण्यात आली! देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. जमिनीत कोणताही बदल झाला नव्हता. बदल झाला होता तो राजपत्रात. पुढे ही तफावत हळूहळू भरून आली आणि २००९-१० मध्ये ४.३ : २ : १ पर्यंत पोहोचली. एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान योजना आली. तिचे तत्त्व निर्दोष होते: गोणीला नव्हे, तीतील प्रत्येक किलो अन्नद्रव्याला अनुदान. पण युरियाला त्यातूनही वगळण्यात आले. २०१२-१३ पर्यंत प्रमाण पुन्हा ८.२ : ३.२ : १ वर गेले.

४ : २ : १ हे आदर्श प्रमाण म्हणून सांगितले जाते, त्याला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. ते देशाचे सरासरी प्रमाण आहे. जांभ्या जमिनीतील भाताला आणि पंजाबातील गव्हाला एकच आहार लागेल, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु किमती बदलताच सबंध देशाचा आहार बदलतो, हे या आकड्यांनी दोनदा सिद्ध केले आहे.

आजची स्थिती पाहावी. २०१२ पासून युरियाचा मूळ दर टनाला ५,३६० रुपये आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे नत्राचा भाव किलोला पावणेबारा रुपयांच्या आत पडतो. डीएपीच्या ५० किलोंच्या गोणीला १,३५० रुपये धरले आणि तीतील नत्राची किंमत युरियाच्या दराने वजा केली, तर स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपये पडतो. पालाशही नत्राच्या चौपटीच्या आसपास. या दोन्ही द्रव्यांवरही अनुदान आहे, हे ध्यानात ठेवूनच हा हिशेब केलेला आहे. एवढ्या तफावतीत तुटपुंज्या भांडवलाच्या शेतकऱ्याने कोणती गोणी उचलावी, अशी अपेक्षा आहे?

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर बारा नोंदी असतात. त्यांत जस्त आणि बोरॉनही येतात. पत्रिका एक सांगते आणि दुकानातील किंमत दुसरे, अशा वेळी पत्रिका पेटीत जाते. त्याच वर्षी युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्राचा ऱ्हास काहीसा मंदावतो. २०२१ मध्ये ‘नॅनो युरिया’ची अर्ध्या लिटरची बाटली आली आणि ती गोणीची जागा घेईल, असा गाजावाजा झाला. चार टक्के नत्राच्या त्या बाटलीत २० ग्रॅम नत्र होते आणि गोणीत २० किलो ७०० ग्रॅम असते. शाळकरी मुलालाही हे गणित घालता येईल. त्याचे समाधानकारक उत्तर देण्याची जबाबदारी अर्थातच बाटली विकणाऱ्यांची.

चारसूत्रीची परीक्षा

वरच्या साऱ्या विवेचनाची कसोटी पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या डॉ. एन. के. सावंत यांनी महाराष्ट्रातील लहान भातशेतकऱ्यासाठी ‘चारसूत्री’ पद्धत मांडली. तुसाची राख रोपवाटिकेत मिसळावी, म्हणजे राब न जाळता सिलिका मिळते. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडावा. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतराने, जोडओळीत लावावीत. आणि युरिया व डीएपी यांची दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे ब्रिकेट, चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. जपान्यांनी सांगितलेले तत्त्वच येथे कोकणच्या हाताला आणि हत्याराला जुळवून घेतलेले आहे. राख, पाला, गोळी यांतून पालाश, सेंद्रिय द्रव्य, स्फुरद, नत्र असा पुरा आहार होतो. बांगलादेशात हीच कल्पना ‘गुटी युरिया’ या नावाने पुष्कळ पसरली.

या अंतराने लावल्यास हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात. वजन सुमारे १७० किलो, त्यांत नत्र ५८ किलोंच्या आसपास. नेहमीच्या शिफारशीतील १०० किलोंशी तुलना केली, तर ४२ किलो नत्र वाचते. पावणेबारा रुपयांच्या दराने त्याची किंमत होते पाचशे रुपयांहूनही कमी. गोळ्या खोचायला हेक्टरी सहा-आठ माणसांचा एक दिवस जास्तीचा लागतो. दिवसाला ३०० रुपये इतकी माफक मजुरी धरली, तरी हा खर्च दोन हजारांच्या घरात जातो. उत्पादन वाढते, असा ही पद्धत वापरणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे आणि ती वाढ हा खर्च भरून काढू शकते. परंतु वाढ ऑक्टोबरात हाती येणार, तीही पावसाने साथ दिल्यास. मजुरी मात्र जुलैत रोख मोजायची. शिवाय लावणीच्या त्या दोन आठवड्यांत मजूर पैसे देऊनही मिळत नाही. चाकरमानी गणपतीला गावी येतो, लावणीला येत नाही.

सरकारच्या बाजूने तेच ४२ किलो नत्र पाहिले, की आकडा निराळा होतो. युरिया तयार करण्याचा किंवा आयात करण्याचा खर्च शेतकऱ्याने दिलेल्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि तो नैसर्गिक वायूच्या जागतिक बाजाराबरोबर हलतो. बचतीचा खरा लाभ तिजोरीला होतो आणि बचतीचे कष्ट मात्र शेतकऱ्याने करायचे, असा हा व्यवहार आहे. चारसूत्री सर्वत्र पसरली नाही, याचे खापर प्रचाराच्या उणिवेवर फोडण्यात म्हणूनच अर्थ नाही. आपल्या अनुदानपद्धतीने नत्र वाया घालविणे हाच शहाणपणाचा व्यवहार करून ठेवला आहे.

पैसा कोणाच्या नावावर?

युरियाची किंमत वाढवा आणि वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या खात्यात टाका, असा सल्ला अर्थशास्त्रज्ञ वारंवार देतात. तत्त्वतः तो बरोबर आहे. पण कोकणातील सातबारा ज्याने पाहिला आहे, त्याला त्यातील अडचण लगेच कळेल. एका गुंठेवारीवर दहा-बारा हिस्सेदारांची नावे; त्यांतील निम्मे लालबाग-परळहून विरार-बदलापूरला गेलेले, काही हयात नसलेले. खाचर कसतो तो गावात राहिलेला एखादा चुलतभाऊ किंवा तोंडी कराराने अर्धेलीने घेणारा शेजारी. २०१९ पासूनची वर्षाला सहा हजार रुपयांची सन्मान निधी योजना जमिनीच्या याच नोंदींवर उभी आहे. खतानुदानाचा पैसा त्याच वाटेने पाठविला, तर गोणी महाग होईल कसणाऱ्याला आणि रक्कम जमा होईल नाव असलेल्याला. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातही ठोक्याने शेती करणाऱ्यांची स्थिती फारशी वेगळी नाही.

दुसरा मार्ग उपलब्ध आहे. २०१८ पासून अनुदानित खत दुकानातील यंत्रावर अंगठा उमटवून विकले जाते. खत प्रत्यक्ष कोण नेतो, याची नोंद त्यामुळे सरकारजवळ आहे, आणि ती सातबाऱ्यापेक्षा कसणाऱ्याच्या अधिक जवळची आहे. युरियाला अन्नद्रव्याधारित योजनेत दरवर्षी थोडेथोडे ओढीत आणावे आणि त्यातून वाचणारी रक्कम ब्रिकेट, जस्त-सल्फेट, पालाश यांच्या किमती याच यंत्रावर उतरविण्यासाठी वापरावी. गोळ्या खोचण्याच्या मजुरीलाही त्यातून साहाय्य देता येईल. वाया जाणाऱ्या नत्रावर आज सरकार जो खर्च करते, त्याच्या तुलनेत ते अवास्तव ठरणार नाही. एकदम मोठी दरवाढ करणारे सरकार १९९१ मध्ये आपल्या अर्थसंकल्पातील चाळीस टक्क्यांची वाढ तीस टक्क्यांवर आणून आणि लहान शेतकऱ्यांना तीतून सूट देऊन कसे मोकळे झाले, हे राज्यकर्ते विसरलेले नाहीत. म्हणून ‘थोडेथोडे’ या शब्दावर भर.

यातील कोणतीही गोष्ट दिल्लीच्या घोषणेने मात्र साधणार नाही. ब्रिकेट दाबण्याचे यंत्र लहान असते, तालुक्याच्या सहकारी संघाला ते चालविता येते. पण दमट हवेत गोळ्या पाझरू लागतात, त्यामुळे त्या फार आधी करून ठेवता येत नाहीत आणि उशिरा करून चालत नाही. त्या लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच, चिखल मऊ असताना खोचाव्या लागतात. मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तालुक्याच्या गोदामात युरिया, डीएपी आणि वीज ही तिन्ही हजर असावी लागतात. त्यांतले एक जरी पंधरा दिवस मागे राहिले, तरी त्या वर्षी खत वरूनच फेकले जाणार.